मागच्या रांगेतला तिसरा

नको त्या गोष्टींची लाज मी आयुष्यभर बाळगली. खरी लाज वाटावी अशी गोष्ट मात्र मी भर दुपारी, एसीच्या गारव्यात, टाय बांधून केली.

साल २०१४. सिंगापूरमध्ये वन-नॉर्थ भागात आमची कंपनी जुनी कागदपत्रं आणि फोटो स्कॅन करून त्यांचे डिजिटल संग्रह बनवायची. त्या वर्षी काम आलं एल्डरविक घराण्याचं. इंग्लंडातलं तीनशे वर्षांचं बडं प्रस्थ. एक एल्डरविक मंत्री, एक सेनापती, एकाचे मलायात रबराचे मळे, आणि एक लॉर्ड १९३१मध्ये आमच्या खडकीच्या छावणीत मोठा अधिकारी. घराण्याचा सगळा इतिहास वेबसाइटवर मांडायचा आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाची नावानिशी नोंद करायची. नोंदी करणारा मी, नरेश. त्या तपासून मंजूर करणारा सौमित्र, सदाशिव पेठेतला.

एका सोमवारी स्क्रीनवर खडकीच्या बंगल्याचा फोटो उघडला आणि मी तो मोठा करून बघितला. हाच फोटो आमच्या खडकीच्या घरात, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी, माझ्या जन्माआधीपासून लटकतो आहे. साहेबानं विलायतेला परत जाताना दिलेला. पुढे खुर्च्यांवर लॉर्ड, लेडी आणि दोन मुली. पायाशी दोन कुत्रे. मागच्या रांगेत पांढऱ्या कोटातले नोकर, आणि त्यांत डावीकडून तिसरे माझे आजोबा, धोंडिबा. बटलर.

मूळ फोटोच्या पाठीमागे कुणीतरी वळणदार अक्षरात सगळ्यांची नावं लिहिली होती. कुत्र्यांचीसुद्धा. ब्रूनो आणि डचेस. त्यापुढे नुसतं 'नोकर'.

सौमित्र माझ्या खांद्यावरून डोकावला. "कमाल आहे! कुत्र्यांना नावं, आणि बटलरला नाही."

तो हसला. मीही हसलो. नुसता हसलो नाही, त्याच्याहून जास्त हसलो.

सौमित्र काही वाईट माणूस नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्यासोबत जेवताना आजोबा-पणजोबांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि मी ठोकून दिलं होतं, की माझे आजोबा मिलिटरीत होते. साहेबाच्या स्वयंपाकघरात गाईचं मांस शिजायचं, तेव्हा तिथल्या नोकऱ्या कुठल्या वस्तीतल्या लोकांनी धरल्या, हे पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही. बटलर म्हटलं की पुढचं सगळं न विचारता कळतं. मी नोंद केली, 'ओळख पटली नाही.' सौमित्रनं ती मंजूर केली. घरी बायकोलाही, अंजलीलाही, मी यातलं काही बोललो नाही.

महिन्याभरात बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबूराव, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, वय सत्तर. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटखाली सकाळी फेऱ्या मारायचे आणि तिथल्या चिनी म्हाताऱ्यांशी मोडक्या इंग्रजीत गप्पा ठोकायचे. वेबसाइटच्या उद्घाटनाला घरच्यांना बोलावलं होतं. अंजलीला सुट्टी नव्हती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले, मग नाही कसं म्हणणार? शंभर फोटोंतून नेमका तोच कशाला दाखवतील, अशी मी मनाची समजूत घातली.

नेमका तोच दाखवला. भिंतीएवढ्या पडद्यावर आजोबा माणसापेक्षा मोठे दिसत होते. समोर घराण्यातल्या मार्गारेटबाई एल्डरविक, शेजारी सौमित्र, आणि मी.

बाबा खुर्चीतून उठले आणि थेट पडद्याजवळ गेले. "नरेश! अरे, हे माझे वडील!" ते बाईंकडे वळले आणि मराठीतच बोलत सुटले. "गावच्या विहिरीवर यांना पाय ठेवू देत नव्हते हो. आणि इथं तुमचा लॉर्ड यांच्या हातचं पाणी प्यायचा. यांनीच मला शाळेत घातलं."

सौमित्र चहावाल्याला आणखी कप आणायला सांगत होता, पाठमोरा. त्यानं ऐकलं की नाही, कळेना. मार्गारेटबाईंनी हसून मला विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

आतापर्यंत मी फक्त गप्प राहिलो होतो. आता तोंड उघडायची वेळ होती. एक वाक्य, तेही सोपं. पहिलीतल्या पोराला जमेल असं.

मी इंग्रजीत म्हणालो, "फोटो फार छान आहे, असं म्हणताहेत."

बाबांनी तीस वर्षं कारखान्यात इंग्रजी ऑर्डरी वाचल्या होत्या. त्यांना सगळं समजलं. ते माझ्याकडे बघत राहिले, रागानं नाही, अंदाज घेतल्यासारखे. मग बाईंकडे वळून मान डोलवली आणि म्हणाले, "येस मॅडम. व्हेरी नाइस फोटो."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मुलाचं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या माणसानं आपल्या बापाला बापाच्याच फोटोसमोर नाकारलं होतं.

परतताना एमआरटीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. बुओना व्हिस्टा गेलं, आणखी दोन-तीन स्टेशनं गेली. शेवटी मीच म्हणालो, "बाबा, चुकलं माझं."

"नोकरीच्या जागी माणसाला सांभाळून राहावं लागतं. तेवढं कळतं मला."

"तसं नाही, बाबा."

"मग कसं?" ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "बाई तुला विचारत होती, आणि तू बघितलंस त्या तुझ्या मित्राकडे. आधी त्याच्याकडे, मग तोंड उघडलंस. त्याचं वाईट वाटलं."

मला रडू आलं. शेजारी शाळेची पोरं मोबाइलवर खेळत होती, त्यामुळे तेही धड रडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सौमित्र रजेवर होता. त्या दिवसापुरते मंजुरीचे अधिकार माझ्याकडेच होते. मी ती नोंद उघडली आणि 'ओळख पटली नाही' पुसून टाकलं. धोंडिबा, बटलर, खडकी. स्वतःच लिहिलं, स्वतःच मंजूर केलं. वेबसाइटवर नाव दिसायला लागलं तेव्हा ऊर भरून आला. पाप धुतलं गेलं, असं वाटलं. तसाच उठलो आणि जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"बाबा, आजोबांचं नाव घातलं. आता सगळ्या जगाला दिसेल."

"खरंच?" बाबांचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "मग काय म्हणाला तुझा मित्र?"

"तो आज रजेवर आहे."

"आणि बाकीचे? त्या बाईला कळवलंस, की हा माझा आजोबा म्हणून?"

"नाही. कुणाला कशाला सांगायचं? नाव लागलं ना, बाबा."

 

"एवढी वर्षं त्या बंगल्यात मागच्या दारानं ये-जा केली रे त्यांनी," बाबा म्हणाले. "तूही त्यांना मागच्या दारानंच आत घेतलंस."