सहाचा भोंगा

उकंडराव सहा वाजता मेला. यावर सरकारी वकील आणि बचावाचे वकील यांचं एकमत होतं. उकंडरावचीही हरकत नव्हती. भांडण एवढंच, की सहा वाजता आरोपी पुंजाजी कुठं होता.

जळगाव जामोदपासून कोसभरावर आमचं गाव. गावात घड्याळं दोन. एक पोलीसपाटलाचं, ते बंद. दुसरं मास्तरांच्या मनगटावर, ते मास्तरांच्या सोयीनं चालतं. बाकी गाव चालतं जळगावातल्या कापसाच्या जिनिंगच्या भोंग्यावर. भोंगा झाला की सहा. बाया चुली पेटवतात, गडी बैल सोडतात आणि बासष्टच्या जानेवारीत झालं तसं, क्वचित एखाद्याचा खूनही उरकतात.

सहा वाजता : एक

बुलढाण्याचं सेशन कोर्ट. साक्षीदार रामराव.

"भोंगा वाजला अन् म्या मान वर केली. पुंजाजी धुऱ्यावर उभा. हातात कुऱ्हाड."

"आणि उकंडराव?"

"तो आडवा होता, साहेब."

धुरा म्हणजे पुंजाजी आणि उकंडराव यांच्या शेतांमधला बांध. हातभर रुंद. दर पावसाळ्यात तो कुणाच्या तरी बाजूला सरकायचा आणि दर पोळ्याला दोघं एकमेकांची डोकी फोडायची शपथ घ्यायचे. गावानं ते मनावर घेणं केव्हाच सोडलं होतं.

सहा वाजता : दोन

साक्षीदार वच्छलाबाई, पुंजाजीची शेजारीण.

"भोंगा वाजला तवा पुंजाजी माह्या अंगणात बाज विणून राह्यला होता."

"भोंगा नक्की ऐकला?"

"रोज आयकतो, साहेब. त्याच दिवशी काऊन नाही आयकणार?"

अंगण ते धुरा, दीड मैल. दोन्ही वकील हे अंतर नकाशावर बोटानं तीन दिवस चालले. एकाला वीस मिनिटं लागली, दुसऱ्याला चाळीस. पुंजाजीला कुणी चालून दाखवायला सांगितलं नाही.

सहा वाजता : तीन

पुंजाजीची बायको गोजरबाई जिनिंगला रोजानं जायची, गावातून ती एकटीच. मधल्या सुटीत तिनं बचावाच्या वकिलाला गाठलं.

"भोंगा वाजलाच नाही त्या दिवशी. दुपारीच बॉयलर बंद पडला. आमाले अंधार पडेस्तोवर आवारात कापूस निवडाले बसवलं."

वकिलानं पानाला चुना लावला. "बाई, भोंगा गेला तर रामराव खोटा पडतो."

"हाव ना!"

"आणि वच्छलाबाईही पडते. मग तुझ्या नवऱ्याला कोण वाचवणार? गप बस."

गोजरबाई गप बसली. पण सुटीनंतर जजसाहेबांनी रामरावची साक्ष पुन्हा वाचून घेतली आणि दोनदा मान डोलावली. दुसऱ्यांदा मान डोलली तशी तिला फाशीचा दोरच दिसला. ती उठून ओरडली, "भोंगा वाजलाच नाही, साहेब! रामराव खोटं बोलून राह्यला!"

वकिलानं पान थुंकायला जागा शोधली.

रोज सहा वाजता

कोर्टानं जिनिंगचं रजिस्टर मागवलं. मॅनेजर ते घेऊन हजर. जानेवारीच्या एकतीसही तारखांपुढं एकाच शाईनं लिहिलेलं : 'सायंकाळी सहा, भोंगा वाजला.'

"रविवारीसुद्धा?" जजसाहेबांनी विचारलं.

"महिन्याचं रजिस्टर एक तारखेलाच भरून ठेवतो, साहेब. नंतर कामातून फुरसत होत नाही."

रजिस्टरावर शिक्का होता. गोजरबाईवर नव्हता.

निकाल : भोंगा वाजला. दोन्ही साक्षीदारांनी तो ऐकला. एक माणूस एकाच भोंग्याला दीड मैलाच्या दोन्ही टोकांना असू शकत नाही. कोणतं टोक खरं, ते सांगता येत नाही. संशयाचा फायदा देऊन पुंजाजी निर्दोष.

वकिलानं गोजरबाईकडं असं पाहिलं, की जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलं.

किती वाजता, माहीत नाही

बस स्टँडवर पुंजाजी भजी खात होता. जेलात भजी मिळत नव्हती. गोजरबाई त्याच्याकडं पाहत होती. दीड वर्षानं नवरा परत मिळाला होता.

"कोर्ट काहीही म्हणो," ती हसून म्हणाली, "भोंगा वाजला नोता."

"वाजला ना वो. म्या सोता आयकला."

गोजरबाईच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

"कुठं होते तुमी, आयकला तवा?"

पुंजाजीनं चहा बशीत ओतला. फुंकला. पुन्हा फुंकला.

"एवढ्या मोठ्या कोर्टाले जे ठरवता आलं नाही," तो म्हणाला, "थे मले काऊन पुसतं?"

बस लागली. पुंजाजीनं शेजारची जागा रुमाल टाकून धरली. गोजरबाई पुढं, बायांच्या बाकावर जाऊन बसली.