विमलाबाईंच्या ओट्यावरची सुरमई

रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, हा मालवणच्या मुनीरभाईंचा नियम. आता माशांचा व्यापारी माणूस हातात काय नेणार? लेकीसाठी कुडाळात भाड्याची खोली बघायला निघाले तेव्हाही बर्फाच्या डब्यात तीन सुरमया घेऊनच ते एसटीत चढले. सगळी गाडी नाकाला रुमाल लावून बसली आणि सनोबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आज वडिलांशी वाद घालून चालणार नव्हतं.

कॉलेजचं हॉस्टेल फक्त पहिल्या वर्षाच्या मुलींना. दुसऱ्या वर्षी नर्सिंगवाल्यांना सकाळी सातला वॉर्डात हजर व्हावं लागायचं, आणि मालवणहून निघून ती वेळ गाठणं शक्यच नव्हतं. "सांजच्या गाडयेपर्यंत जागा गावली तर गावली," मुनीरभाईंनी घरीच बजावलं होतं. "नायतर नर्सिंग सोड आणि मालवणातल्या कॉलेजात नाव घाल."

पहिली जागा बाजारात. मालकानं सुरमई आत पाठवली आणि सांगितलं, संध्याकाळी सातला दाराला कुलूप. सनोबरची सुटी कधीकधी आठला व्हायची. दुसरी जागा स्टेशनच्या रस्त्याला, नव्या इमारतीत. तिथल्या मालकानं नाव विचारलं, गाव विचारलं, पुन्हा एकदा नाव विचारलं, मासा ठेवून घेतला आणि "घरात विचारून कळवतो" म्हणाला. जिना उतरताना मुनीरभाईंनी डब्यात उरलेल्या एकुलत्या सुरमईवर बर्फ सारखा केला.

तिसरं घर कॉलेजच्या मागच्या आळीत. विमलाबाई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. मागची खोली, तिला वेगळं दार, खिडकीपाशी टेबल, आणि समोर ओट्याओट्यावर बायकांच्या गप्पा. इथंच राहायचं, सनोबरनं मनाशी धरलं. तेवढ्यात मुनीरभाईंनी डबा उघडून चांगली हातभर सुरमई बाईंच्या ओट्यावर, तुळशीपासून दोन पावलांवर, आडवी ठेवली.

बाई दचकून मागं सरकल्या. "अहो, मी मासे खात नाही!"

मुनीरभाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. मासे न खाणारं माणूस किनाऱ्याच्या जिल्ह्यात असू शकतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "माफी करा हां बाई," म्हणत ते उचलायला गेले, तर सुरमई हातातून निसटून थेट पायरीवर. सनोबरनं डोळे मिटून घेतले. झालं, ही जागाही गेली.

"राहू द्या आता," बाई म्हणाल्या. "दारी आलेली भेट परत पाठवायची नसते. हौसाबाई येईलच एवढ्यात."

आणि खरंच, डोक्यावर पाटी घेऊन हौसाबाई आळीत शिरली. मासे विकून दमली की याच ओट्यावर टेकायचं, हा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता. "अरे देवा! मुनीरभाई, तुमी हयसर?" ती ओरडली. रोज पहाटे माशांच्या भावावरून हिच्याशी फोनवर भांडल्याशिवाय मुनीरभाईंचा दिवस सुरू व्हायचा नाही.

"ही बाई मासे खाय नाय, आणि तुका ओट्यार बसयता?" मुनीरभाईंनी हळूच विचारलं.

"बसयता? च्या पण दिता."

मुनीरभाई बाईंकडे बघतच राहिले.

"हौसाबाई, कापून आळीत वाट ही," बाई म्हणाल्या. "म्हणावं, आपल्याकडे नवीन मुलगी राहायला येतेय, तिच्या वडिलांनी आणलीय."

सनोबरला उडी मारावीशी वाटली. पण अब्बा अजून हो म्हणाले नव्हते.

हौसाबाईनं विळी मांडली. बायका आपापली भांडी घेऊन आल्या, तुकड्या घेऊन गेल्या, आणि चार वाजेपर्यंत तीच भांडी भरून परत आली. एकीकडून घावणे, एकीकडून सोलकढी, कुणाचे केळ्याचे काप. प्रत्येकीनं सनोबरला नाव विचारलं, एकदाच. "कायेक लागला तर हाक मार गो," असं सांगून गेली.

पाच वाजले. सनोबरनं पिशवी खांद्याला लावली, तसे मुनीरभाई म्हणाले, "तू खंय चललंस?"

"तुमच्यावांगडा. घराकडे."

"आणि ही लोकांची भांडी कोण परत करतलो? तू ऱ्हव. सामान मी उद्या टेंपोतून धाडतंय." डबा उचलून ते पायऱ्या उतरले. "आणि भांडी रिकामी देव नको हां."

आठवडाभर तिनं हेच मागितलं होतं, आणि आता तिलाच रडू येत होतं. ती घावण्यांची पुडी बांधून त्यांच्या मागं धावली. "अब्बा, रिकाम्या हातान घरात जातास?" पुडी तिनं डब्यात ठेवली. मुनीरभाई हसले, बाहीनं डोळे पुसले आणि गाडी चुकेल म्हणत भराभर चालू लागले.

ओट्यावर परत येऊन तिनं आईला फोन लावला. "अम्मी, शेवयांच्या खिरीक दूध किती घालू?"

"एकटीक कितकासा लागतला?"

"एकटीक नाय गो," सनोबर म्हणाली, "सगळ्या आळीक."