वर घिरट्या घालणारं विमान

आमच्या नेब्रास्कातल्या गावाच्या धावपट्टीला टॉवर कधीच नव्हता. होती ती माझी खानावळ, एक फोन आणि वारा दाखवणारी फाटकी पिशवी. पण काय दिवस होते ते. ढग जमिनीला टेकले तरी आमची माणसं नुसत्या विमानातल्या यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवून खाली यायची आणि माझे जर्दाळू भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, गरमागरम फस्त करायची. आता कोण येतंय मरायला इथे?

नियम एकच. दूरच्या विमान-नियंत्रण केंद्रातला माणूस ढगातून एका वेळी एकालाच आमच्याकडे सोडायचा. त्याला आमची पट्टी दिसत नसे, आणि जमिनीवरून रेडिओ त्याच्यापर्यंत पोचत नसे. म्हणून उतरलेल्याने आधी फोन करून 'उतरलो' म्हणायचं. तोवर पुढचा वरच घिरट्या घालणार. मायलो ह्रडलिच्काने हे गावातल्या निम्म्या वैमानिकांना शिकवलं होतं, स्वतःच्या लेकीला, ब्लांकालासुद्धा. फोनआधी कुणी कपाला हात लावला की तो चापट मारायचा.

त्या नोव्हेंबरात मायलो उतरला, आत आला आणि थेट खुर्चीत बसला.

"ल्युडा, कॉफी दे गं, हाडं गोठली."

मी दिली. वाटलं, ढगाखाली येताच त्याने रेडिओवरून कळवलं असेल. मायलोला कोण विचारणार?

वर एक विमान घरघरत होतं. जायचं, परत यायचं. मायलो कोलाचा मोडत म्हणाला, "कोण गाढव आहे हे? उतरायचं तर उतर म्हणावं, नाहीतर घरी जा." सगळे हसलो.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातला माणूस विचारत होता, "मायलो पोचला का? त्याच्यासाठी त्याच्या लेकीला वर थांबवलंय. तिच्या पंखांवर बर्फ धरायला लागलाय."

मी मायलोकडे बघितलं. त्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "उतरलोय मी. केव्हाच उतरलोय. सोडा तिला." मग कोट न घालताच बाहेर जाऊन उभा राहिला.

ब्लांका उतरली. पंखांच्या कडांना बर्फाचा थर चिकटला होता. तिने आत येऊन आधी फोन केला, मग बापासमोर बसली.

"होतं असं कधी कधी, बाबा."

"मला होत नाही."

"एकदाच तर झालं."

"वर तू होतीस, पोरी. आणि मी इथे खात बसलो होतो. तुलाच गाढव म्हणत होतो."

ती हसायला गेली, पण तिला जमलं नाही. मायलोने विमानाची किल्ली तिच्यापुढे सरकवली. "घे. मागितली तरी देऊ नकोस. मी मागणार, मला ओळखतेस तू."

वसंतात त्याने मागितली, माझ्यादेखत. तिने दिली नाही. पुढच्या रविवारी परत मागितली आणि तो चक्क रडला. ब्लांकाही रडत होती. त्याचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "नाही देणार, बाबा. तूच शिकवलंयस मला."