खोलीपेक्षा मोठी शेगडी

मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. सध्या ओल्ड्रॉइड नावाच्या जोडप्याच्या परसात, भिंतीला टेकून, फाटक्या ताडपत्रीखाली बसले आहे. शुक्रवारी भंगारवाला येणार असं घरात बोलणं चाललंय. तो मला टेम्पोत घालून नेईल, फोडेल, वितळवेल. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण त्याआधी, मित्रांनो, तुम्हाला माझी हकिकत सांगून टाकते. कारण त्या घरात एक बाई माझ्या उबेत बसून रोज थोडी थोडी गुदमरत होती, आणि ते फक्त मला कळत होतं.

वाळूच्या साच्यात तापलेलं बीड ओतून मला घडवलं. दाराला जाड काच बसवली. पोटात हलवता येणारी जाळी टाकली, कारण मी कोळसाही खाणार होते आणि लाकूडही. कोळशाला खालून वारा लागतो, त्यासाठी ती जाळी. लाकूड राखेच्या गादीवर निजतं आणि वरून वारा घेतं, त्यासाठी काचेच्या वर एक फट आणि फटीवर सरकती झडप. त्या झडपेच्या वाटेत कारागिराने एक इवलीशी खिट्टी बसवली आणि स्क्रूने आवळली. त्या खिट्टीमुळे झडप कितीही ओढली तरी थोडी फट उघडी राहायचीच. माझी आग कधी गुदमरत नसे, म्हणून धूरही नावालाच. ज्या गावांत धुराला बंदी आहे तिथे लाकूड जाळायची परवानगी मला मिळाली ती या खिट्टीच्या जोरावर.

तशाच एका गावात, यॉर्कशरमधल्या एका जुन्या खाणीच्या गावात, जिलियनबाईंच्या दुकानात मी उभी होते. तिथे नॉर्मन आणि मेव्हिस ओल्ड्रॉइड हे जोडपं आलं. नॉर्मन खाणीतला निवृत्त कामगार. मेव्हिस शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली.

"खोली केवढी आहे तुमची?" जिलियनबाईंनी विचारलं.

"मी मावतो, बायको मावते आणि कुत्रं तंगड्या पसरतं, एवढी," नॉर्मन म्हणाला.

जिलियनबाईंनी कोपऱ्यातल्या एका लहान शेगडीकडे बोट केलं. नॉर्मनने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी त्याला चहाच्या बशीत जेवण वाढलंय.

"ही? हिच्यावर अंडंसुद्धा उकडायचं नाही." मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "शेगडी म्हणजे अशी हवी."

"मोठी घेतलीत तर खोली भट्टी होईल. मग तुम्ही हिची हवा कमी करणार, आणि हवा कमी केली की ही धुरणार."

"बाई, मला आग शिकवू नका. जन्मभर कोळसा काढलाय मी."

"काढलास तू, जाळला मी," मेव्हिस म्हणाली. "लहानच घे, नॉर्मन."

त्याने मला घेतलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पहिले हिवाळे कौतुकात गेले. सगळी गल्ली मला बघायला आली. मेव्हिस माझ्या निखाऱ्यांपुढे पाव भाजायची, लोणी लावून सगळ्यांना द्यायची. पण जिलियनबाई म्हणाल्या तेच खरं झालं. ऐन जानेवारीत खिडक्या उघड्या. नॉर्मन गंजिफ्रॉकवर बसलेला, कुत्रं जिन्यावर पळालेलं. "उन्हासाठी स्पेनला जायला नको आता," मेव्हिस म्हणायची, "पासपोर्टाशिवाय पोचलोय." दोघं हसायची. मीही मनातल्या मनात हसायचे.

मग मेव्हिसची छाती बिघडली. आधी जिना चढताना धाप लागायची, पुढे कपडे वाळत घालतानाही. डॉक्टरने सांगितलं, उबेत राहा. नॉर्मनने ते एकच वाक्य धरून ठेवलं.

खाणीच्या गावात घरातली आग हिवाळाभर विझू द्यायची नाही, अशी रीत होती. नॉर्मनची आई झोपताना निखाऱ्यांवर ओला कोळशाचा चुरा थापायची आणि सकाळी तीच आग उकरून काढायची. ज्या घराचं धुरांडं थंड दिसे, तिथे शेजारी दार वाजवायला जात, कारण आग विझली म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार. नॉर्मनला वाटलं, मेव्हिस सकाळी उठेल तेव्हा खोली गरम हवी. पण खिट्टीमुळे माझी झडप पुरती मिटत नव्हती आणि लाकूड जळून पहाटे जेमतेम चार निखारे उरत होते.

एका दुपारी मेव्हिस औषधं आणायला गेली होती. नॉर्मन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, त्याने स्क्रू फिरवला आणि खिट्टी काढून टाकली.

त्यात माझं पोट मोठं. मेव्हिसने दोन उन्हाळे वाळवलेली लाकडं मी नाताळाआधीच संपवली होती. तेव्हा नॉर्मनने गावच्या प्रार्थनाघरामागचं वादळात पडलेलं झाड कापून आणलं. ओंडके इतके ओले होते की माझ्या पोटात ते पेटण्याऐवजी सुसू करत फेस गाळायचे. त्यांच्यावर तो झडप पुरती बंद करायचा. मित्रांनो, ओलं लाकूड आणि बंद हवा म्हणजे काय, ते शेगडीलाच विचारा. आग जळत नाही आणि मरतही नाही. नुसती घुसमटते. माझी काच काळी ठिक्कर पडली. धुरांड्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटा बसू लागला, थरावर थर. आणि बाहेर दाट, पिवळट धूर निघू लागला.

थंडीत आमच्या दरीतली हवा हलत नाही. धूर वर न जाता छपरावरून खाली घरंगळतो. वरच्या खोलीत मेव्हिसला श्वास पुरायचा नाही म्हणून ती खिडकी किलकिली ठेवून झोपायची. धूर तिथूनच आत जायचा. ती खोकत खाली आली की नॉर्मन घाबरून माझ्यात आणखी एक ओंडका कोंबायचा.

"जवळ सरक, पोरी," तो म्हणायचा. या वयातही तो तिला पोरीच म्हणे. "ऊब घे जरा."

तिने जवळ सरकू नये असं मला वाटायचं. पण मला कुठे तोंड होतं?

मेव्हिसला धुराचा वास यायचा. तिचा संशय शेजारच्या बशीरवर होता. तो बसचालक, बायकामुलांसह पलीकडच्या घरात राहायचा. आमचं दार थेट रस्त्यावर उघडतं, त्यामुळे दोघांचं भांडण मी अथपासून इतिपर्यंत ऐकलं.

"काय जाळतोस रे तू? जुने टायर?"

"आमच्याकडे गॅस आहे, मिसेस ओल्ड्रॉइड. घरात जळतात त्या फक्त माझ्या हातच्या रोट्या."

"मला हसवू नकोस, मला खोकला येतो."

"मग जरा स्वतःच्या छपराकडे बघा की!"

तिने दार आपटलं. नॉर्मन पेपरात डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मेव्हिस दरीपलीकडच्या इस्पितळात गेली. नॉर्मन तिला न्यायला गेला नाही, कारण ती येईपर्यंत आग राखायची होती. त्याने मला गळ्यापर्यंत भरलं आणि झडप मिटली. ती बसने एकटीच परतली. दार उघडून आत आली, पण कोट काढला नाही. खुर्चीची पाठ धरून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली.

"काय म्हणाले?" नॉर्मनने विचारलं.

"सांगते. आधी हे ऐक. इस्पितळाच्या बसथांब्यावरून आपल्या घरांची सगळी ओळ दिसते. एका धुरांड्यातून नुसता धूर लोटत होता. शेजारी उभ्या बाईला मी म्हटलं, बघा हो, कोण मेलं काय जाळतंय, लाज म्हणून नाही लोकांना."

"बशीरच असणार."

"बशीरच्या छपरावर टीव्हीची निळी तबकडी आहे, नॉर्मन. धूर तिच्या शेजारच्या धुरांड्यातून येत होता, आपल्या."

मेव्हिस माझ्यापुढे हळूहळू खाली बसली. तिने चिमट्याचं टोक झडपेवरून फिरवलं आणि ते रिकाम्या भोकावर येऊन थांबलं.

"खिट्टी कुठाय?"

"मी काढली. तुझ्यासाठीच. सकाळपर्यंत आग राहावी म्हणून. माझी आई जन्मभर..."

"तुझी आई पन्नाशीत खोकून खोकून गेली."

मग तो ताडकन उठला आणि पेपर चुरगाळू लागला. "थांब, धुरांडं आत्ता साफ करतो. कागद पेटवून वर सोडला की सगळी काजळी जळून जाते. आईच्या वेळी सगळे तसंच करायचे."

मित्रांनो, तेव्हा मला जी भीती वाटली ती कधीच वाटली नव्हती. आईच्या वेळची काजळी कोरडी होती. माझ्या धुरांड्यात बोटभर जाडीचं डांबर होतं. ते पेटलं असतं तर धुरांडं तोफेसारखं गरजलं असतं, विटा तडकल्या असत्या, छपराच्या वाशांनी पेट घेतला असता. त्याने माझं दार उघडलं. कागदाचा बोळा ज्वाळेजवळ नेला.

मेव्हिसने त्याचं मनगट धरलं. तिच्या हातात फारसा जोर नव्हता, पण तिने सोडलं नाही.

"विझू दे तिला," ती म्हणाली.

"हिवाळ्यात? या घरातली आग हिवाळ्यात कधी विझली नाही, पोरी."

"डॉक्टर म्हणाला, छाती गेली तेवढी गेली, ती काही परत येत नाही. धूर थांबला तर उरलेली टिकेल. नाही थांबला तर पुढचा हिवाळा माझा नाही. आता तू ठरव, कुणाला राखायचं ते."

कागद त्याच्या हातातून फरशीवर पडला. त्याने माझं दार लावलं आणि खुर्चीत बसला.

दोघं कोट घालून माझ्यासमोर बसून राहिली. ओंडके धुमसले, राखेत कोसळले. एकदा नॉर्मन उठला, त्याचा हात लाकडाच्या टोपलीकडे गेला. मेव्हिस त्या हाताकडे बघत राहिली. तो परत बसला. बीड थंड होताना टिकटिक आवाज करतं. माझा तो आवाज त्या घराने हिवाळ्यात पहिल्यांदाच ऐकला. संध्याकाळी शेवटचा निखारा काळा पडला.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर बशीर उभा होता, एका हातात विजेचा हीटर, मागे त्याची घाबरलेली बायको.

"धूर थांबलेला दिसला," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं, कुणी... सगळं ठीक आहे ना?"

"गेली रे," नॉर्मन म्हणाला. बशीरची बायको तोंडावर हात धरणार तोच त्याने माझ्याकडे बोट केलं. "ही गेली. आत या."

मेव्हिसने बशीरचा हात धरला. "टायरांबद्दल मी बोलले ते..."

"राहू द्या हो. रोट्या मात्र खरंच जळतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरांडी साफ करणारा ट्रेव्हर आला. त्याने दांडा घुसवला तशी वाळलेल्या डांबराची काळी, चकचकीत खापरं खाली कोसळू लागली. "नॉर्मन," तो म्हणाला, "याच्यात कागद पेटवला असतास, तर आज मी ब्रश नाही, फुलं घेऊन आलो असतो."

खिट्टी परत बसवली असती तरी माझं काही खरं नव्हतं. मी त्या खोलीला मोठीच होते. मोकळी जळले तर घरात घाम, दाबून ठेवली तर गावात धूर. जिलियनबाई मोजायची टेप घेऊन घरी आल्या. नॉर्मनने त्यांच्यासाठी स्वतः खोली मोजली, दोनदा मोजली, आणि म्हणाला, "एवढ्यालाच पुरेल अशी द्या. बढाई नको, ऊब द्या." मग एक लहान, धूर कमी करणारी नवी शेगडी आली आणि मी परसात आले. आता तो वाळलेलीच लाकडं आणतो. ओल मोजायचं एक टोकदार यंत्र आणलंय, ते प्रत्येक ओंडक्यात खुपसून बघतो.

"लग्नाआधी मला एवढं पारखलं नव्हतंस," मेव्हिस म्हणते.

"तेव्हा यंत्र नव्हतं गं," तो म्हणतो.

मित्रांनो, घरात असताना आपला धूर आपल्याला दिसत नाही. ऊब आत राहते, धूर बाहेर जातो आणि दुसऱ्याच्या नाहीतर आपल्याच माणसाच्या छातीत उतरतो. म्हणून शेगडी घ्याल तेव्हा आधी खोली बघा, मग शेगडी. लाकूड वाळू द्या. आगीला श्वास घेऊ द्या, म्हणजे माणसालाही घेता येईल. आणि प्रेमापोटी एखादी गोष्ट करताना जरा दाराबाहेर जाऊन बघून या, तिचं नेमकं काय होतंय ते.

इथे परसात आल्यापासून मला आमचं धुरांडं दिसतं. इतकी वर्षं मी त्याच्या पायथ्याशी बसले होते, पण त्याला कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी नॉर्मन आत नवी शेगडी पेटवतो. मेव्हिस शाल गुंडाळून बाहेर येते, एक हात माझ्या ताडपत्रीवर टेकते आणि मान वर करून उभी राहते. सुरुवातीला थोडा धूर निघतोच.

"दिसतोय का गं?" आतून नॉर्मन ओरडतो.

"थांब!"

ती बघत राहते. धूर विरळ होतो, फाटतो, मग विटांच्या वर नुसती गरम हवा थरथरत राहते. मेव्हिस छाती भरून श्वास घेते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडते,

"गेला!"

आणि त्यानंतर तिला खोकला येत नाही.