बिजागरी बघून लॅपटॉप

आमच्या घरात वस्तू विकत घ्यायचं काम माझ्या बायकोचं, आफ्केचं होतं. त्या उचलून घरी आणायचं काम माझं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी स्वतःच्या मनाने दोनच गोष्टी आणल्या, एक कुत्रा आणि एक ताडपत्री. कुत्रा बहिरा निघाला आणि ताडपत्री गळकी. तेव्हा आफ्के म्हणाली, "तू पूल उघड आणि बंद कर. बाकीचं मी बघते."

ती गेल्या नोव्हेंबरात गेली. ऑगस्टमध्ये हिस्केला लॅपटॉप घ्यायची वेळ आली.

हिस्के आमची एकुलती एक मुलगी. तिला ग्रोनिंगनच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि सोमवारपासून तास सुरू होणार होते. कॉलेजने कळवलं होतं की पहिल्या दिवसापासून लॅपटॉप लागेल आणि तो चार वर्षं टिकेल असा घ्या. खोलीचं भाडं भरून आमच्याकडे चारशे युरो उरले होते. चुकीचा घेतला तर दुसरा घ्यायला काही नव्हतं.

"बाबा, मी एकटी जाऊन घेते ना," हिस्के म्हणाली.

"मी येतो. दोघांनी बघितलं तर चूक होत नाही."

"तू आलास तर दोघांची होईल."

तरी मी गेलो. लेउवार्डन शहरातल्या मोठ्या दुकानात एका लांब टेबलावर चाळीसेक लॅपटॉप मांडून ठेवले होते. प्रत्येकासमोर आकडे लिहिलेली पाटी होती. ते आकडे मला कळले नाहीत. पण पहिला लॅपटॉप उघडला आणि एक गोष्ट चटकन कळली.

मी तीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडतो. आमचा पूल म्हणजे एक झाकण. नाव आली की ते वर जातं, नाव गेली की खाली येतं. असा पूल मधोमध कधी मोडत नाही, खराब होतो तो बिजागरीपाशी. लॅपटॉपचंही तसंच दिसलं. म्हणून मी एका टोकापासून सुरुवात केली आणि एकेकाचं झाकण उघडून, मिटून, परत उघडून बघायला लागलो.

विक्रेता पोरगेलासा होता, गळ्यात ओळखपत्र. "काका, काय शोधताय? याची मेमरी सोळा आहे."

"बिजागरी कशी आहे?"

"बिजागरी..." त्याने वाकून बघितलं. "दोन आहेत."

"ते मलाही दिसतंय. त्या किती वेळा उघडमीट सहन करतील?"

"ते काही लिहिलेलं नाही, काका. पण रंग तीन आहेत."

चारशेच्या आतले सगळे एकाच वळणाचे होते. एकाचं झाकण धरून वर केलं तर अख्खा लॅपटॉपच गळाला लागलेल्या माशासारखा वर आला. एक अर्ध्यावर सोडला की आपोआप मिटायचा, दमल्यासारखा. अकराव्याने 'कट्ट' असा आवाज केला. तो मी हळूच मिटून ठेवला आणि बाराव्याकडे गेलो. चांगल्या बिजागऱ्या नऊशेच्या पुढे सुरू होत होत्या. तेविसावा उघडत होतो तेव्हा खांद्यावर हात पडला. सुरक्षारक्षक होता.

"साहेब, तुम्ही खरेदी करताय की व्यायाम?"

मी हिस्केला शोधलं. ती कपडे धुवायच्या यंत्रांपाशी उभी होती आणि मला ओळखत नसल्यासारखी एका यंत्राच्या आत डोकं घालून बघत होती.

बाहेर बाकावर बसून आम्ही बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. "आईने तीन महिने मासिकं वाचली असती," ती म्हणाली, "आणि मग सर्वांत स्वस्त सोडून त्याच्या वरचा घेतला असता."

"सर्वांत स्वस्त का नाही?"

"त्यावर तिचा विश्वास नव्हता. ताडपत्री आणलीस ना तू, तेव्हापासून."

शनिवार उजाडला. आता एकच दिवस हातात होता, कारण रविवारी दुकानं उघडी मिळणार नव्हती आणि शनिवारी मला पुलावरून हलता येत नव्हतं. मग मी ठरवलं, नाववाल्यांनाच विचारायचं. आमच्याकडे पूल वर गेला की मी गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट नावेवर सोडतो आणि लोक त्यात पुलाचे पैसे टाकतात. नाव पुढे सरकेपर्यंत दोन वाक्यांचा वेळ मिळतो. एका वाक्यात विचारायचं, एका वाक्यात उत्तर घ्यायचं.

"मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?"

"घेऊ नका! डोळे जातात!"

पुढची नाव. "काळा घ्या, मळ दिसत नाही."

त्याच्या पुढच्या नावेतल्या गृहस्थाने बुटात एक चिठ्ठी टाकली. तिच्यावर एका लॅपटॉपचं इतकं बारीक आणि इतकं लांब नाव लिहिलं होतं की शेवटपर्यंत वाचेस्तोवर सुरुवात विसरली. एका बाईने सांगितलं, मुलीला डॉक्टरशी लग्न करायला सांगा, लॅपटॉप तो आणेल. साडेअकरापर्यंत मी एकोणीस जणांना विचारलं होतं आणि सव्वीस सल्ले मिळाले होते.

बाराला दहा मिनिटं असताना एम्डन या जर्मन बंदरातली जुनी लोखंडी नाव आली. ती दर ऑगस्टमध्ये येते. नाव गेझिनेबाई चालवतात आणि त्यांचा नवरा ओन्नो खालच्या खोलीत असतो. मी पूल वर केला, बूट सोडला आणि प्रश्न विचारला.

गेझिनेबाईंनी नावेचा वेग एकदम कमी केला. "लॅपटॉप? चांगला हवाय की नवा?"

"चांगला."

"मग थांबा." त्या खाली गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन वर आल्या. "ऑफिसातला आहे. नवरा निवृत्त झाला तेव्हा कंपनीने दिला. विटेसारखा दणकट. घेऊन जा बाबा, माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा." त्यांनी बूट काढला आणि माझ्या काठीला पिशवी अडकवली.

काठी कमानीसारखी वाकली. पिशवी पाण्यावर झोके घ्यायला लागली. पलीकडच्या तीरावर तोवर रांग लागली होती. पुढे पाववाल्याची गाडी, मागे टपालवाली बाई, आणि तिच्या शेजारी सायकलवर हिस्के, माझा जेवणाचा डबा घेऊन.

"बाबा! काठीला काय लागलंय?"

"लॅपटॉप!"

"कोणाचा?"

"हेच मलाही विचारायचंय!" असं म्हणत ओन्नो वर आला. अंगात बनियन, पायात एकच मोजा. त्याने उडी मारून पिशवीचा दुसरा बंद पकडला. "गेझिने! माझा डाव चाललाय त्याच्यात!"

"तो एप्रिलपासून चाललाय!" त्या म्हणाल्या. "अहो, हा माणूस सकाळी उठून पत्ते लावतो, जेवून पत्ते लावतो. काल वादळात मी नाव सांभाळत होते तर हा खालून विचारतो, लाल राणी कुठे ठेवू?"

आता पिशवी माझ्या काठीला होती आणि ओन्नोच्या हातातही होती. नाव हळूहळू पुढे सरकत होती, मी कठड्यावरून तिच्याबरोबर सरकत होतो.

"सोडू नका!" पाववाला ओरडला. कोणाला, ते सांगितलं नाही.

"ओढा!" टपालवाली म्हणाली.

मी पलीकडे ओरडलो, "हिस्के! आईने काय केलं असतं?"

"आईने आधी पूल खाली केला असता!"

रांगेतले सगळे हसले. मलाही ते पटलं. मी काठी सोडून दिली. ओन्नो पिशवी आणि काठीसकट नावेत बसकण मारून पडला, पण पिशवी त्याने छातीशी धरून ठेवली. "पुढच्या धक्क्याला बांधा, मग बोलू," असं सांगून, नाव पार झाल्यावर मी पूल खाली केला. बारा वाजले होते. बारा ते एक आमचा पूल जेवायला बंद असतो, मग राजा आला तरी थांबतो.

हिस्के सायकल टाकून धावत आली. आम्ही नावेत उतरलो. ओन्नोने लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला होता.

"फक्त बिजागरी बघतो," मी म्हणालो.

त्याने जरा विचार केला आणि माझ्यापुढे केला. मी झाकण उघडलं. जिथे सोडलं तिथे थांबलं. आणखी मागे नेलं, तर पार सपाट झालं, टेबलावर पसरलेल्या नकाशासारखं. कान लावला. काहीही ऐकू आलं नाही. मी हिस्केकडे बघून मान हलवली.

मग तिने तिच्या पद्धतीने बघितलं. बॅटरी किती टिकते, जागा किती आहे, कॉलेजची कामं चालतील का, सगळं एकेक करून तपासलं. "जड आहे," ती म्हणाली. "कीबोर्ड जर्मन आहे, दोन अक्षरं इकडची तिकडे आहेत. पण बाबा, दुकानातल्या कुठल्याही चारशेवाल्यापेक्षा चांगला आहे." मग तिने तो मिटून ओन्नोला परत दिला.

"का गं?" गेझिनेबाई म्हणाल्या.

"काकांना द्यायचा नाहीये. मी असा ओढून घेणार नाही."

सोमवार दोन दिवसांवर होता. पण ती बरोबर बोलत होती. ओन्नोने एक मोजा वर ओढला, दुसरा नव्हता, तरी तो पायही चाचपला.

"द्यायचा नाही असं नाही," तो म्हणाला. "डाव पुरा झाला की देतो."

"मग ही पोरगी म्हातारी होईल," गेझिनेबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

हिस्के त्याच्या शेजारी बसली. मी समोर बसलो. मला पत्ते कळत नाहीत, आफ्केबरोबर मी नेहमी हरायचो, पण आता दोघांची डोकी पडद्याला लागली होती आणि मी त्यांची तोंडं बघत होतो.

"ही किल्वरची नव्वी इकडे घ्या ना, काका."

"घेतली असती, पण मग बदामाचा गुलाम अडकतो."

"अडकू दे. दोन चालींनी सुटतो तो."

"कशावरून?"

"तुम्ही चार महिने त्याला सोडवताय. जरा अडकवून बघा."

त्याने नव्वी हलवली. मग दश्शी. मग त्याने "अरे!" म्हटलं आणि बनियनवर हात पुसला. चहा आला. गेझिनेबाई आमच्याकडे न बघता कप भरत होत्या. माझा कप रिकामा झाला की लगेच भरायच्या. तिसऱ्या कपानंतर मी पोटावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी कपात चमचा उभा करायला सांगितलं, त्याशिवाय त्यांच्याकडे नाही म्हटलेलं ऐकू येत नाही. पुलापाशी चार नावा येऊन थांबल्या होत्या.

एकला दहा मिनिटं असताना पत्ते आपोआप उड्या मारायला लागले. पडदाभर पत्तेच पत्ते. ओन्नो उभा राहिला आणि डोकं छताला आपटलं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. "लागला! गेझिने, लागला!"

"देवा," त्या म्हणाल्या. "आता नवा मांडू नकोस."

त्याचं बोट तिकडेच चाललं होतं. त्याने ते मागे घेतलं आणि झाकण मिटलं. "साडेतीनशे."

"दोनशे," गेझिनेबाई म्हणाल्या.

"अगं, माझा आहे तो!"

"म्हणून दोनशे."

"अडीचशे," हिस्के म्हणाली. "चार्जर धरून. आणि पावती पाहिजे."

पावती हा शब्द आमच्या घरात आजवर एकच माणूस वापरत आलं होतं. मी बाहेर पाण्याकडे बघितलं.

ओन्नोकडे कागद नव्हता. त्याने भरतीओहोटीच्या वेळापत्रकाचं मागचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं की लॅपटॉप एक, चालू, अडीचशे युरोला दिला. खाली सही केली आणि फोन नंबर टाकला. "काही बिघडलं तर या नंबरवर फोन कर. अर्ध्या रात्री कर. मी येऊन नीट करून देईन."

"चार वर्षं?" हिस्केने विचारलं.

"चार काय, मी आहे तोवर."

"आणि तुम्ही नसलात तर?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

गेझिनेबाईंनी ओन्नोच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली. "तर मी आहे," त्या म्हणाल्या.

हिस्केने पैसे दिले आणि पावतीची नीट घडी घातली. एक वाजला होता, म्हणून मी पुलाकडे गेलो. अलीकडच्या तीरावर पाववाल्याची गाडी काम उरकून परत आली होती, आणि टपालवालीही. मी पूल वर केला. पहिल्या नावेतला माणूस सकाळचाच होता, डोळे जातात म्हणणारा.

"मिळाला का लॅपटॉप?"

"मिळाला!"

"कितीला?"

मी सांगितलं. त्याने टोपी काढली. मागच्या तीन नावांनी भोंगे वाजवले. ते रागाने की आनंदाने, मला कळलं नाही. पण पूल वर होता आणि त्यांना जायला वाट मोकळी होती.