उलटी स्प्रिंग

गावातल्या मास्तरांचा मुलगा सुश्रुत कागदावर काढलेलं ड्रॉइंग घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा मी ते नीट वाचलं होतं. मला, या अजिनाथला, ड्रॉइंग कळलं नाही असं उद्या कुणी म्हणायला नको. सोनईत लेथ आणि ट्रॅक्टरची इंजिनं यातच माझी चाळीस वर्षं गेली. ड्रॉइंगमध्ये इंजिनाची रेस कमीजास्त करायचा दांडा होता, दांड्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी तार होती आणि कार्बोरेटरपाशी एक स्प्रिंग. ती मात्र उलटी काढली होती. तार तुटली तर स्प्रिंगनं रेस बंद करायची असते. ही पूर्ण उघडत होती.

मला हसू आलं. पुण्यात वीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस, आता नोकरी सोडून गावाबाहेरच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं दोन माणसांचं विमान बांधतोय, आणि स्प्रिंगची बाजू चुकतो! विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण इंजिनाच्या बाबतीत मी कुणाला विचारायला जात नाही, हा माझा जुना माज. दांडा, तार सगळं मापात बनवलं, स्प्रिंग माझ्या मनानं सरळ केली, तिच्यावर पत्र्याचं झाकण रिव्हेट मारून पक्कं केलं आणि विमानात बसवून दिलं.

खरं कारण वेगळंच होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या, कानिफनाथच्या ट्रॅक्टरची हीच स्प्रिंग तुटली होती. ‘उद्या बसवतो, आजचा दिस चालव तसाच,’ असं मीच त्याला म्हणालो. बांधावर वळताना रेस फुल अडकली, ट्रॅक्टर उलटला आणि कानिफचा डावा पाय गुडघ्यातून गेला. तेव्हापासून रेस बंद करणारी स्प्रिंग नसलेलं एकही इंजिन मी वर्कशॉपबाहेर सोडलेलं नाही.

विमानाला परवानगी मिळाली आणि रविवारी सकाळी पहिलं उड्डाण ठरलं. शुक्रवारी मी सहज शेडवर गेलो, तर सुश्रुतची बायको ईरा विमानाच्या पंखाला हात लावून उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता.

“समजा वर गेल्यावर ती रेसची तार तुटली, तर?” तिनं विचारलं.

“तर स्प्रिंग रेस पूर्ण उघडते,” सुश्रुत म्हणाला. “जमिनीवर इंजिन मंदावलं तर माणूस वाचतो. वर मंदावलं तर विमान खाली येतं, मग खाली ऊस असो नाहीतर विजेच्या तारा. फुल रेस असली की उंची राखून धावपट्टीपर्यंत येता येतं. तिथं इंजिन बंद करायचं आणि तरंगत उतरायचं.”

“तू तपासलंस ना?”

“तार काढून बघायची होती. पण अजिनाथकाकांनी बसवलंय म्हटल्यावर तपासणीच्या यादीत खूण करून टाकली.” माझ्याकडे बघून तो हसला. “या काका, चहा घ्या.”

चहा न घेताच मी काहीतरी काम सांगून सटकलो. रस्ताभर मी सुश्रुतवरच चिडलो होतो. एवढा शिकलेला माणूस, तपासलं का नाही त्यानं? स्वतःवर चिडायची हिंमत घरी पोचेपर्यंत झाली नाही.

संध्याकाळी कानिफला सगळं सांगितलं. वाटलं, निदान हा तरी मला समजून घेईल.

“तुज्यामुळंच केलं रं म्या ते,” मी म्हणालो. “तुजा पाय डोळ्यापुढनं हलत न्हाई.”

कानिफ कुबडी ओढून घेत म्हणाला, “दादा, पायाबद्दल मी तुला कदी बोललो न्हाई. आता बोलतो. माज्या पायासाठी त्या पोराचा जीव घेतो व्हय? ऊठ. आत्ताच्या आत्ता त्याला सांगायचं. मी बी येतो.”

स्कूटरवर मागं त्याला बसवून मी शेडवर गेलो. सुश्रुतला सांगताना मान वर झाली नाही. त्यानं ड्रिल घेतलं, रिव्हेट काढले, झाकण उचललं. स्प्रिंग पाहिली. तो ओरडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं तपासणीची यादी काढली आणि स्वतःचीच खूण खोडली.

“रविवारचं रद्द,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलं नाही काका, आणि मी बघितलं नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर...”

रविवारी सकाळी ड्रॉइंगमध्ये होती तशी स्प्रिंग मी बसवली. विमानाची शेपटी साखळीनं ट्रॅक्टरला बांधली, चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले. कानिफ मागे शेडच्या दाराला टेकून उभा राहिला. सुश्रुतनं मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

“दांड्यापासून तार तुम्हीच सोडवा,” तो म्हणाला.

तारेची पिन मी ओढली. इंजिन एकदम डरकाळी फोडून उठलं. हाच आवाज होता. कानिफचा ट्रॅक्टर उलटला त्या दिवशी तो ऐकूनच मी वर्कशॉपमधून शेताकडे पळालो होतो. विमान साखळीला हिसके देऊ लागलं आणि मला दरदरून घाम फुटला. मला न विचारता माझा हात दांड्यावर गेला, मी तो सगळा जोर लावून मागे ओढला. रिकामा दांडा नुसताच हलला. इंजिन तसंच गरजत होतं. सुश्रुत घड्याळाकडे बघत होता. तीस सेकंदांनी त्यानं स्विच बंद केला.

कानात दडे बसले होते. सुश्रुतनं यादी आणि पेन माझ्यापुढे धरलं. “आता खूण तुम्ही करा.”

मी पेन परत दिलं. “तार जोड. आजून एकदा बगू.”

त्यानं तार जोडली, इंजिन पुन्हा सुरू केलं. पिनेवर बोट ठेवून मी मागे वळून पाहिलं. कानिफचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो जागचा हलला नव्हता. त्यानं कुबडी वर उचलून मला इशारा केला, सोड.

मी पिन ओढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.