मोत्या नाही आला अजून

आई गेली आणि घरातलं देवखातं बंद पडलं. तेव्हा हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या मागे भांडी वाटली गेली, शाली वाटल्या गेल्या, शिलाईचं मशीन धाकटीकडे आलं, टॉर्च थोरलीने मागून घेतला. देवाशी बोलायचं काम मात्र कुणी मागितलं नाही, कुणी कुणाला दिलंही नाही. ते आईचं काम होतं. बाकीचे आयुष्यभर तिच्या जिवावर निर्धास्त झोपले.

ते धाकटीला उमगलं ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, भर दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीत. आत तिचा एकुलता एक मुलगा होता. मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करायची ही त्याची नोकरी. सकाळी सुरक्षेचा पट्टा अडकवण्याआधीच पाय निसटला आणि तो खालच्या पत्र्यावर आपटला. मार डोक्याला होता. आत जाताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "प्रयत्न करतो." धाकटी शिवणाच्या दुकानातून होती तशी धावत आली होती, मापाची टेप अजून गळ्यातच होती. ती टेप बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. नवरा खाली रक्तपेढीच्या रांगेत उभा होता.

"कुणीतरी प्रार्थना करा रे," ती म्हणाली.

"मी?" भाऊ दचकला. भर चौकात नाचायला सांगितल्यासारखा चेहरा झाला त्याचा. बँकेतला मोठा साहेब, पण देवाचं नाव काढलं की आईकडे बोट दाखवायची सवय.

"कुणीही करा. माझं डोकंच चालत नाहीये. आई काय म्हणायची?"

आई रोज संध्याकाळी मागच्या दारात उभी राहायची आणि देवाशी बोलायची. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने, शेजारणीशी बोलावं तसं. सगळं बालपण ते कानावर पडत होतं आणि आता तिघा भावंडांपैकी एकालाही धड आठवत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

"काही मागायची नाही ती," थोरली बहीण चष्मा पुसत म्हणाली. "मोजायची."

बरोबर. मोजायची. आई शेतावर वाढलेली. दिवेलागणीला गुरं परत आली की गोठ्याच्या दाराशी उभं राहून ती मोजून घ्यायची, हे लहानपणापासून तिचं काम. तांबडी आली, मोरी आली, बांडा आला. एखादं कमी भरलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आपलंच चुकलं असेल म्हणून. तरीही कमी भरलं तर कंदील घ्यायचा आणि निघायचं. एकटीने. एकदा ती पडक्या विहिरीत उतरून करडू काखोटीला मारून वर आली होती. भावांच्या आधी ट्रॅक्टर शिकली, तोही चोरून. "भीती आमच्या घरात होती गं," ती सांगायची, "पण मी शेवटची. भावंडांत वाटून संपली, माझ्यापर्यंत आलीच नाही."

लग्न झालं, पुढे शहरात आली, गुरं मागे राहिली. मोजणं काही सुटलं नाही. मग गुरांच्या जागी पोरं आली. नावंही तिने गुरांसारखीच ठेवली. थोरली गोरी म्हणून ढवळी, भाऊ बुटका म्हणून ठेंगू, धाकटी ती कवडी. ठेंगू पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका वाढला, पण देवाच्या दप्तरी ठेंगूच राहिला. "ढवळी आली. ठेंगू वसतिगृहात आहे, तिथे जाऊन बघ त्याच्याकडे. कवडी आली, गुडघा फोडून आली, पण आली." झाली प्रार्थना. देवाला खोटी हजेरी द्यायची नाही, हा तिचा नियम. "त्यालाही मोजता येतं," म्हणायची.

नातवंडं झाली तशी यादी लांबली. नातवंडांत शेवटचं नाव धाकटीच्या मुलाचं, खारू. चालायच्या आधी चढायला लागला म्हणून खारू. आणि त्याला चढवलं कुणी? आजीनेच! सत्तरी ओलांडलेली बाई पदर खोचून मागच्या अंगणातल्या झाडाखाली उभी राहायची. "चढ बिनधास्त, मी आहे खाली." खारू आजीवर गेलाय, असं सगळं घर कौतुकाने सांगायचं. आज सकाळपासून ते कौतुक धाकटीला काट्यासारखं बोचत होतं. मी आहे खाली म्हणे! कुठे होतीस आज सकाळी? नव्वदी पार करून, सगळ्यांना पोटभर बघून, आपल्या गादीवर निवांत गेलीस, आणि माझं पोर वर ठेवून गेलीस. ती मेलेल्या आईवर इतकी चिडली होती की तिला रडूसुद्धा येत नव्हतं.

"शेवटी मोत्या यायचा," भाऊ म्हणाला, आणि त्याही अवस्थेत त्याच्या ओठांवर हसू आलं. "मोत्या नाही आला अजून. दार उघडं आहे."

मोत्या! घरातला सगळ्यात जुना विनोद. आईच्या हजेरीत रोज गैरहजर असणारा हा मोत्या म्हणजे माहेरचा हरवलेला बैल, असं भावाचं म्हणणं. धाकटीच्या मते कुत्रा. लहानपणी यावरून दोघांची मारामारी झाली होती. कुणाला यायला उशीर झाला की घरात म्हणायचे, मोत्या झालाय त्याचा. आईला विचारलं की ती नुसती हसायची.

थोरली हसली नाही. चष्मा हातातच राहिला तिच्या.

"बैल नव्हता तो," ती म्हणाली. "आपला भाऊ होता. माझ्या आधीचा."

समोरून वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर ढकलत गेला, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"पुराची गोष्ट आठवते ना?" थोरलीने विचारलं.

न आठवायला काय झालं? म्हशीची शेपूट धरून आई पुरातून नदीपार झाली ती गोष्ट. घरात पाहुणा आला की ही फर्माईश ठरलेली. पाठीवर बोचकं बांधलेलं, नाकातोंडात पाणी, म्हैस निम्म्यात थांबली तर आईने तिला कशा शिव्या घातल्या, ते आई अभिनयासकट करून दाखवायची. बोचक्यात काय होतं गं, असं पोरं विचारायची. "माझी सगळी दौलत," ती म्हणायची. पोरांना वाटायचं, दागिने.

"बोचक्यात मोत्या होता," थोरली म्हणाली. "दीड वर्षाचा. तापाने फणफणलेला. डॉक्टर पलीकडच्या काठाला. पोचली ती. त्यालाही जिवंत पोचवलं. डॉक्टरच्या ओसरीवर गेला तो, तिच्या मांडीवर."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझं पहिलं बाळ गेलं ना, तेव्हा तिनेच. मी म्हटलं, या दोघांनाही सांग. तर म्हणाली, नको. हसतात ना त्याच्या नावाने, हसू दे. तेवढंच हसू त्याच्या वाट्याला."

भावाने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत राहिला. एवढा मोठा माणूस, खांदे गदगदत होते.

"आणि तरी देवाशी बोलायची?" धाकटीचा आवाज चिरकला. "रोज?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, देवाला सोडते की काय? रोज तोंडावर सांगते, एक कमी आहे. तूही मोज, मीही मोजते."

थिएटरचं दार उघडलं तेव्हा तिघंही एकदम उठली. डॉक्टरांनी टोपी काढली. ऑपरेशन झालं होतं. रक्ताची गाठ निघाली होती. "आता शुद्धीवर यायला हवा," ते म्हणाले. "येईलच असं मी सांगत नाही. आईने जवळ बसावं, घरात ज्या नावाने हाक मारता त्या नावाने बोलावत राहा."

आतल्या खोलीत थंडी होती. खारूचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलं होतं, चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. हात तेवढे त्याचेच होते, नखांत ग्रीस अडकलेले. धाकटीने त्यातला एक हातात घेतला.

"खारू," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने. मग पुष्कळदा. यंत्र आपल्या तालात टिकटिकत राहिलं. नुसतं नाव घेऊन घेऊन ते नावही पोकळ वाटायला लागलं, तेव्हा तिने दुसरं काही सुचेना म्हणून सुरुवात केली.

"ढवळी आली. बाहेर बसली आहे. ठेंगू आला, रडतोय. कवडी आली."

मग भाचे, भाच्या, एकेक जण. जो जिथे होता तिथे तो आहे असं सांगितलं. आणि खारूच्या नावापाशी तिची जीभ अडली. खारू आला, असं म्हणावं तर ते खोटं होतं. खोटी हजेरी द्यायची नाही. आणि खरं म्हणावं तर त्यासाठी घरात एकच वाक्य होतं, ते मोत्याचं होतं. ते आपल्या पोराच्या नावाला लावायचं? तिने ओठ घट्ट मिटले. मरेन पण म्हणणार नाही, असं तिला वाटलं. तिला आई दिसली. पदर खोचलेली, ट्रॅक्टर चालवणारी, पाहुण्यांना हसवून हसवून लोळवणारी, आणि रोज संध्याकाळी मागच्या दारात हेच वाक्य तोंडातून काढणारी. पोटात हे असलं घेऊन ही बाई हसली कशी? जेवली कशी? माझ्या पोराला झाडावर चढ म्हणाली कशी?

"खारू," धाकटी म्हणाली. पुढचं वाक्य घशातून ओढून काढावं लागलं. "खारू नाही आला अजून. दार उघडं आहे."

त्याचा हात तिच्या हातात तसाच होता, जड.

तिने गळ्यातली टेप काढून उशाशी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. एक कमी भरत होतं. मोजण्यात आपलंच चुकलं असेल.

"ढवळी आली," तिने पहिल्यापासून सुरू केलं.

सलाइन बघायला आलेली नर्स थबकली. "मावशी, प्रार्थना चाललीये का?"

"नाही गं," धाकटी म्हणाली. "मोजतेय."